बाग प्रिंटचा खटला आणि माझा पांढरा झब्बा

कोर्टाचा निकाल न्यायाधीशांच्या आधी मला कळतो, असं अख्खं देवास म्हणतं! म्हणजे, मी म्हणतो आणि पोह्यांच्या ठेल्यावरची मंडळी "हां भिया" म्हणून माना डोलावतात. मुलींचा वाटा असो, मोकाट कुत्री असोत, घरकामाची किंमत असो, कुठल्याही निकालावर मला बोलतं करा आणि चहा सांगा.

म्हणून धारहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "आईसाहेब, वकील कशाला? ग्राहकाला स्वतःच बाजू मांडता येते. मी आहे ना!"

प्रकरण नाजूक होतं. आमच्या सासूबाई इंदिराबाईंनी नातीच्या, म्हणजे माझ्या मेहुण्याच्या वैभवीच्या, लग्नात विहीणबाईंना बाग प्रिंटची साडी दिली, बाग गावच्या हातठशांची, कधी रंग न सोडणारी. दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "असली बाग है, अम्मा!" पहिल्याच धुण्यात साडीनं विहीणबाईंचे सगळे कपडे लाल करून टाकले! साडी तशीच धारला परत आली. तेव्हापासून बिचारी वैभवी देवासला सासरी रोज ऐकून घेत होती, "तुमच्या धारकडचं सगळं असंच का गं?" आईसाहेबांच्या घराण्यानं एके काळी दरबार सांभाळलेला. त्यांना अन्न गोड लागेना. ग्राहक आयोगात तक्रार गेली आणि सुनावणी निघाली मोबाइलवर!

मी धारला पोचलो. वकिलासारखं दिसावं म्हणून कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र झब्बा चढवला. आईसाहेब नऊवारी नेसून, दरबारात बसावं तशा पाटावर बसल्या. शेजारी माझी बायको स्वप्नाली. मोबाइल माझ्या हातात. पडद्यावर आयोगाच्या अध्यक्षबाई आणि दुकानदाराचे वकील विक्रमसिंह.

मी घसा खाकरला. "महोदया, बेटियों को पिता की संपत्ति में बराबर का हक है, यह सर्वोच्च न्यायालय..."

"अहो, म्हणजे या घरात माझाही वाटा आहे?" स्वप्नालीनं मान पडद्यात खुपसली.

"स्वप्नाली, आत्ता नाही!" आईसाहेब कडाडल्या.

"साड़ी पर आइए," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"आ रहा हूँ! गृहिणी के श्रम का मूल्य..."

"साड़ी!!"

तेवढ्यात विक्रमसिंहांनी डाव टाकला. "माल असली है. इन्होंने ही गरम पानी में धोया होगा."

झालं! आईसाहेब ताडकन उठल्या. या वयात काय तो झपाटा! "जावईबापू, बादली आणा! गार पाणी! आणि मोबाइल सगळीकडे फिरवा, बाईंना नीट दिसू दे!"

एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात भरलेली बादली. माझी सर्कस सुरू झाली. आईसाहेबांनी साडी बुडवली, पिळली आणि झटकली. ती थेट माझ्यावर! झब्बा लाल, कान लाल, मिशीही लाल. होळीतसुद्धा माझी एवढी दशा कुणी केली नव्हती.

मग त्यांनी स्वतःच्या लग्नातली जुनी बाग प्रिंट काढली, दुसऱ्या बादलीत तशाच गार पाण्यात नीट धुतली आणि स्वप्नालीच्या पांढऱ्या ओढणीवर घासली. एक डाग नाही! "देखिए बाईसाब," त्या शांतपणे म्हणाल्या, "ये बाग है. और जो हमारे जमाई पर गिरा, वो झूठ है. बाग का नाम बेचा है इन्होंने. हमको पैसा नहीं चाहिए. ये देवास जाके हमारी समधन से माफी माँगें. हमारी बच्ची रोज सुनती है."

मला खरंच भरून आलं. माझे सगळे निकाल एका बादलीत बुडाले होते, पण अशी वकिली मी जन्मात पाहिली नव्हती. मानलं बुवा!  पडद्यावर दुकानदार विक्रमसिंहांच्या मागून पुढे आला, हात जोडले आणि अस्सल साडी घेऊन देवासला जायचं तिथल्या तिथे कबूल केलं.

अध्यक्षबाईंच्या चेहऱ्यावर हसू मावेना. "वाह, माताजी! और ये लाल-लाल सज्जन कौन हैं? आपके सलाहकार?"

मी ताठ बसलो. मिशी पुसली.

"नहीं बाईसाब," आईसाहेब म्हणाल्या, "इनको तो बस मोबाइल पकड़ने को बिठाया था. वो भी हिला रहे हैं."