बाहीतला टॅग

माणूस दारातून आत आला की तो घ्यायला आलाय, ठेवायला आलाय की नुसता पंख्याखाली उभा राहायला, हे मी बसल्या जागेवरून सांगते. एकवीस वर्षं झाली, अंदाज एकदाही चुकलेला नाही. निदान या उन्हाळ्यापर्यंत मी असं सगळ्यांना सांगायचे.

आमचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली आणि तिच्यामागे एक छोटी. लोक घरातल्या वापरलेल्या पण धड वस्तू आणून ठेवतात. कोट, पर्सा, टेबलावरचे दिवे, काचेचे सेट. वस्तू त्यांचीच राहते. विकली गेली तर पैसे वाटून घ्यायचे, नाही गेली तर तीन महिन्यांनी ज्याची त्याच्या घरी परत. पहिल्या महिन्यात पांढरा टॅग, दुसऱ्यात पिवळा, तिसऱ्यात लाल. रंग बदलला की किंमत उतरते.

दोन नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ. भिंतीवर लिहूनच ठेवलेत. कुणाची वस्तू कुणी नेली हे एकमेकांना सांगायचं नाही, हा पहिला. टॅग कापला की वस्तू विकली, मग परत नाही, हा दुसरा. आणि टॅग कापायचा तो मी. कात्री कायम माझ्या गळ्यात, दोरीला. दुसऱ्या कुणाच्या हातात ती आजवर गेलेली नाही. मागच्या खोलीत आमच्या नणंदबाई आलेल्या कपड्यांना इस्त्री करतात, पण कात्रीला हात लावायची त्यांनाही मुभा नाही. हे त्या आतूनच आल्यागेल्याला ऐकवत असतात.

थंडी संपता संपता एक सून आपल्या सासूचा कोट ठेवून गेली. सासूबाई वर्षापूर्वी वारल्या म्हणाली. राखाडी लोकरीचा, गुडघ्याखाली येणारा, जवळजवळ कोरा. फक्त वरून दुसरं बटण लाल दोऱ्याने शिवलेलं.

त्याच आठवड्यापासून एक म्हातारे गृहस्थ यायला लागले. दोन-तीन दिवसांआड, बरोबर अकराला. सरळ कोटापाशी जायचे, बाही जराशी सारखी करायचे, माझ्याकडे बघायचे आणि निघून जायचे. एकदा माझं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं. पांढऱ्या शर्टाच्या कफचं बटण, लाल दोऱ्याने शिवलेलं.

सगळं लख्ख कळलं मला! सुनेने परस्पर कोट विकायला काढलाय, आणि बिचाऱ्या म्हाताऱ्याला तो परत हवाय पण बोलायची चोरी आहे.

मी वन्संना सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी केली.

"वहिनी, त्यांना विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? चेहऱ्यावर लिहिलंय."

"मग मला दाखव कुठे लिहिलंय ते," म्हणाल्या आणि पुन्हा इस्त्री फिरवायला लागल्या.

पंचाईत अशी होती की येत्या गुरुवारी कोटाचा टॅग पिवळ्याचा लाल होणार होता, आणि लाल म्हणजे मावशी. या मावशी कुणाच्या मावशी आहेत देव जाणे, पण लाल टॅगाशिवाय त्यांनी आमच्याकडे चमचासुद्धा घेतलेला नाही. कोटावर त्यांचा पहिल्या दिवसापासून डोळा होता. म्हणून बुधवारी संध्याकाळी मी कोट काढला आणि मागच्या खोलीत चादरीखाली टांगला. महिना काढायचा, विकला गेला नाही म्हणून परत पाठवायचा, कोट आपोआप त्यांच्या घरी. नियम मोडला नाही आणि पुण्यही पदरात, असा माझा हिशोब.

गुरुवारी अकराला ते आले. रिकामा हँगर बघितला. मग तिथल्या स्टुलावर बसले. मी म्हटलं, आता हळूच कानात सांगावं, काका, काळजी करू नका, आत आहे.

तेवढ्यात त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"गेला एकदाचा," म्हणाले. "बरं झालं, बाई. फार बरं झालं."

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे केला.

"माझ्या बायकोचा होता. मीच सुनेला ठेवायला लावला. तीन वेळा घातला तिने फक्त. चांगला प्रसंग आला की घालीन, म्हणायची, आणि कपाटात ठेवायची. प्रसंग यायच्या आत गेली. घरात आला असता तर पुन्हा कपाटातच बसला असता. मला तो एकदा कुणाच्या तरी अंगावर चालताना बघायचा होता, एवढंच. रविवारी मी धाकट्या मुलाकडे परगावी जातोय, कायमचा. त्याआधी कोट विकला जातोय की नाही, ही धाकधूक होती." मग त्यांनी भिंतीकडे बघितलं. "कुणी नेला, हे विचारायचं नाही, माहीत आहे मला. पण उंच होत्या का हो? ती उंच होती."

खरं सांगायची वेळ ती होती. पण त्यांचा चेहरा इतका सुटल्यासारखा झाला होता की माझ्या तोंडून निघालं, "हो, चांगल्या उंच. शाळेत शिकवतात. गाणं."

"गाणं?" ते उभेच राहिले. "तीही गुणगुणायची. परत यायच्यात का त्या?"

"शनिवारी. अकराला. बटण घट्ट करून घ्यायला." हे कोण बोललं, तर मीच!

वन्संनी आतून सगळं ऐकलं होतं. "मी घालणार नाही," त्या मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या.

शुक्रवारी रात्रीपर्यंत मी त्यांच्या विनवण्या केल्या. उंच दुसरं होतं कोण? शेवटी आठवडाभर भांडी मी घासायची, या बोलीवर तयार झाल्या.

शनिवारी भर उन्हाळ्यात वन्सं लोकरीचा कोट चढवून मागच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या.

"टॅग कापतेस ना?" म्हणाल्या.

"कापू कसा? विकलाय का तो? आत सारा बाहीत."

"म्हातारा जातोय रविवारी, आणि तुझा नियम काही हलत नाही," म्हणाल्या, पण टॅग आत सारला.

अकराला काका आले. केस नीट विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट. वन्सं पुढच्या दाराने आत आल्या, आरशापर्यंत चालल्या, वळल्या. खोटं कशाला बोलू, कोट त्यांना बेतल्यासारखा बसला होता. काकांचा हात स्टुलाच्या कडेवर घट्ट होता.

"काय शिकवता तुम्ही?" त्यांनी शेवटी विचारलं.

"गणित," वन्सं म्हणाल्या.

"गाण्यातलं गणित," मी घाईने म्हटलं. "तालाचं वगैरे."

वन्संच्या कपाळावरून घाम ओघळून कॉलरमध्ये उतरत होता. अजून दोन मिनिटं निभावली असती तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण दार उघडलं आणि मावशी आत आल्या. त्यांनी मला बघितलं नाही, काकांना बघितलं नाही. त्यांना फक्त कोट दिसला.

"हा काय इथे आहे," म्हणाल्या. "गुरुवारपासून शोधतेय मी. घरच्या माणसांसाठी मागे लपवून ठेवता होय?" आणि त्यांनी सरळ वन्संची बाही धरून ओढली.

टॅग बाहेर आला. पिवळाच. तो लाल करायचंही माझ्याकडून राहून गेलं होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका म्हाताऱ्या माणसाला, तो गाव सोडून चाललेला असताना, मी फसवलं होतं, आणि तेही स्वतःला शहाणी समजून.

"काका, चुकलं माझं," मी म्हटलं. "मला वाटलं तुम्हाला तो परत हवाय. म्हणून लपवला. या माझ्या नणंदबाई. शाळाबिळा काही नाही."

काकांनी टॅग हातात घेतला, वाचला. रागावले नाहीत. उलट मावशींकडे वळले.

"तुम्ही घेतलात तर केव्हा घालाल?"

"छे, रोजचा का आहे तो?" मावशी म्हणाल्या. "चांगला प्रसंग आला की घालीन. तोवर डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवीन. काळजी नको."

काकांनी मान हलवली आणि वन्संकडे बघितलं. "आणि तुम्ही?"

"मी घातलेलाच आहे की," वन्सं म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "प्रसंगाची वाट बघायची सवय मलाही आहे, काका. पण हा मी रोज घालीन."

काकांनी माझ्यापुढे हात पसरला. कात्रीसाठी. एकवीस वर्षांत जी कुणाला दिली नव्हती ती मी गळ्यातून काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी टॅग कापला, कोटाची बाही सारखी केली, आणि वन्संना म्हणाले, "एकदा दारापर्यंत चाला." वन्सं चालल्या. ते बघत उभे राहिले, मग हसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी गाव सोडलं त्यांनी.

पैसे सुनेला पोचवले, माझ्या खिशातून. त्याचं काही नाही. पण वन्सं शब्दाच्या पक्क्या. रोज कोट घालून इस्त्री करतात. आता कोट घालून इस्त्री म्हणजे पंखा पाचवर लागतो, दिवसभर, आणि माझी खुर्ची नेमकी पंख्याखाली. परवा मला शिंकांवर शिंका आल्या. म्हटलं, वन्सं, घटकाभर तो कोट तरी द्या.

"टॅग कापलाय," म्हणाल्या.