सालोंगोचा मलावीचा मुलगा

"तुमच्या वस्तीच्या चेअरमनचं पत्र आणा," लिओकाडियाबाई म्हणाल्या. "तुम्ही त्या वस्तीत राहता आणि वस्ती तुम्हाला ओळखते, एवढंच लिहून हवंय. शुक्रवारी तुमचा इथं राहायचा परवाना संपतोय. परवाना नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर..." पुढचे वाक्य त्यांनी हाताने खिडकीबाहेर, साधारण मलावीच्या दिशेने, सोडून दिले.

कंपालातल्या त्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचे टेबल लिओकाडियाबाई एकट्या सांभाळत. बाई मायाळू होत्या, पण त्यांच्या मायेलाही अर्ज करावा लागे. लिंबानी चिरवा मलावीहून औषधशास्त्र शिकायला आला, तेव्हा त्यांनी त्याला रीतसर एक 'सोबती' नेमून दिला होता. सोबती एकदाच भेटला, फाटकापाशी, फोटोपुरता. तो फोटो अजून बाईंच्या मागच्या फळ्यावर होता आणि त्याखाली लिहिले होते, 'इथे कोणी परका नाही'. पुढे लिंबानीने एकटे वाटते म्हणून समुपदेशकाची वेळ मागितली, तर सुट्टी लागल्यानंतरची तारीख मिळाली.

तो हॉस्टेल सोडून शहराच्या कडेच्या एका चाळवजा ओळीत खोली घेऊन राहू लागला, त्यालाही वर्ष होत आले होते. आला त्याच आठवड्यात त्याने तिथल्या लुगांडा भाषेतला नमस्कार पाठ केला होता. पण तिथला नमस्कार एका दमात संपत नाही. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, काम कसे चालले आहे, असा तो दोन्हीकडून लांबत जातो. लिंबानी तिसऱ्या प्रश्नाला अडला. समोरची बाई उत्तराची वाट पाहत थांबली. तो घाम पुसत निघून गेला आणि त्या दिवसापासून मान खाली घालून ये-जा करू लागला.

चेअरमन गोंझागा शिंपी होते. वस्तीचा सगळा कारभार ते शिलाई मशीनवरून चालवत. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि लिंबानीला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"मी नाही ओळखत तुला."

"मी वर्षभर इथंच राहतोय, काका. रोज तुमच्या दुकानावरून जातो."

"जात असशील. मीही वर्षभर इथंच बसलोय. कसे आहात म्हणून विचारलंस कधी?"

लिंबानी पायाखालच्या चिंध्यांकडे पाहू लागला.

"दोन शेजारी घेऊन ये. ते म्हणाले ओळखतो, तर मी लिहितो. खोटं लिहायला मी काय आमदार आहे?"

लिंबानी शेजारणीकडे गेला. तिचा रेडिओ, तिचा खोकला आणि नवऱ्याशी होणारी तिची भांडणे त्याला भिंतीतून तोंडपाठ झाली होती. तिला मात्र धक्काच बसला.

"त्या खोलीत माणूस राहतो? अगंबाई! मला वाटलं मालकानं सिमेंट भरून ठेवलंय."

पलीकडच्या खोलीतल्या माणसाने दार किलकिले करून सांगितले, की तो कोणाची वर्गणी देणार नाही. लिंबानी तसाच परत आला. चेअरमनना त्याची दया आली असावी. त्यांनी मशीन थांबवले.

"हे बघ, उद्या सालोंगोला मूठमाती आहे. ट्रकवाला सालोंगो रे, नदीकडचं घर. आमच्याकडे जो दुसऱ्याच्या मातीला जात नाही, त्याच्या मातीला कोणी येत नाही. तू ये, लोकांत बस, लोकांना दिसू दे तुझं तोंड. परवा आपण पत्राचं बघू."

दुसऱ्या दिवशी लिंबानी आपला एकुलता एक काळा सूट घालून गेला. तोंडी परीक्षेसाठी आईने शिवून दिला होता. अंगणात दोन मांडव होते. एकात पाय ठेवायला जागा नव्हती, दुसऱ्यात पुढच्या रांगेत मोकळ्या खुर्च्या होत्या. तो तिथे बसला. ती जागा घरच्यांची, हे त्याला सांगणार कोण? ज्यांनी पाहिले त्यांना वाटले, घरचाच कोणी असेल.

बसल्याबसल्या एका बाईने काही न विचारता त्याच्या हातात ताट दिले. मातोके म्हणजे उकडून कुस्करलेली हिरवी केळी, शेंगदाण्याचा रस्सा, वर मांसाचा तुकडा. वर्षभरात त्याला कोणी आपणहून वाढले नव्हते. समोर बायका एका सुरात गात होत्या, मुले एकमेकांच्या मांडीवर लोळत होती. लिंबानीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि ते थांबेचना. शेवटी तो उठून मांडवामागे गेला.

तिथे बोसा नावाचा मोटरसायकलवाला कागदाच्या पुडीतून तळलेले टोळ खात उभा होता. नोव्हेंबर म्हणजे टोळांचा हंगाम. त्या दिवसांत अख्खे कंपाला टोळ खाते.

"घे रे, गरम आहेत. रडून भूक लागते."

"नको. मी नाही खात."

"टोळ नाही खात? पोट बिघडलंय?"

"कधीच नाही खाल्ले. आमच्या घरी कोणीच खात नाही."

खरे कारण एवढेच, की लिंबानी ब्लांटायर शहरात वाढलेला आणि सहा पायांचे काहीही पाहिले की त्याला मळमळे. पण बोसाचा घास हातातच राहिला. बुगांडात, म्हणजे त्या मुलखात, टोळ कोण खात नाही? टोळ हेच ज्यांच्या कुळाचे देवक, फक्त ते. आणि सालोंगो टोळकुळाचा होता.

"कुठला रे तू?" बोसाने हळूच विचारले.

"मलावीचा."

बोसाने पुडीचे तोंड मिटले. सालोंगो ट्रक घेऊन मलावीला जायचा आणि महिना महिना परतायचा नाही, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. "आलोच हं, भाऊ," म्हणून बोसा जो गेला, तो थेट मोटरसायकलवाल्यांच्या घोळक्यात. तिथून बातमी कुठे कुठे गेली, ते सांगायला नको.

माती झाल्यावर कुळातले एक वडीलधारे गृहस्थ बोलायला उभे राहिले. रीतीप्रमाणे त्यांनी मृताच्या मुलांना एकेक करून उभे केले. शेवटी ते थांबले, घसा खाकरला आणि म्हणाले, की घराबाहेरचे कोणी लेकरू असेल तर त्यानेही लाजू नये. लिंबानीला त्या लुगांडातले अक्षर कळले नाही. एवढेच दिसले, की सगळी वस्ती वळून आपल्याकडे पाहते आहे. लोकांना तोंड दिसावे म्हणूनच तर तो आला होता. तो उभा राहिला.

बायकांनी आनंदाची जी किलकारी मारली, तिने झाडावरचे कावळे उडाले.

"कान बघा, कान! सालोंगोचाच कान!"

"आणि रडणं बघितलंत? सख्ख्या पोरांनी नाही टिपूस काढलं."

"गैरसमज होतोय," लिंबानी इंग्रजीत म्हणाला. "मी शेजारी आहे."

"लाजतोय बिचारा," एक म्हातारी म्हणाली आणि तिने त्याला छातीशी धरले.

सालोंगोची थोरली मुलगी इमाक्युलेट तेवढी लांब उभी होती. "आला वाटण्या मागायला," ती म्हणाली, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

पुढचे दोन दिवस लिंबानीच्या खोलीचे दार बंद राहिले नाही. सिमेंटवाली शेजारीण सकाळी चहा घेऊन आली आणि लहान मुली गुडघे टेकून त्याला नमस्कार करू लागल्या. जाता-येता माणसे थांबून, रात्र कशी गेली, असे विचारत आणि तिसऱ्या प्रश्नाला तो अडला की स्वतःच उत्तर सांगून पुढे जात. लिंबानी प्रत्येकाला सांगे, की मी सालोंगोचा मुलगा नाही. पण खरे सांगायचे, तर दुसऱ्या दिवशी तो ते जरा हळू आवाजात सांगू लागला होता.

गुरुवारी सकाळी मात्र तो धावत शिंप्याच्या दुकानात गेला.

"आता तरी वस्ती ओळखते ना मला, काका? द्या पत्र."

"ओळखते. सालोंगोचा मुलगा म्हणून ओळखते." चेअरमननी कपाळ चोळले. "मी काय लिहू? हा परदेशी आहे? उद्या त्याच्या कुळातले लोक येऊन माझं मशीन फोडतील. म्हणतील, वाटणी बुडवायला इमाक्युलेटनं पैसे चारले. आणि इथला पोरगा म्हणून लिहिलं, तर तुला परवाना कशाला देतील?"

लिंबानीने लिओकाडियाबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "पण मग तुम्ही परदेशी विद्यार्थी राहत नाही. तुमचं काम माझ्या टेबलाकडे येत नाही."

"मग कोणाकडे येतं?"

"इथल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं टेबल नाही. त्यांना घरचे असतात."

उरला एकच उपाय. चेअरमननी त्याच संध्याकाळी फणसाखाली सभा बोलावली. सभेला मयतापेक्षा जास्त गर्दी झाली.

लिंबानी उभा राहिला. चेअरमन एकेक वाक्य लुगांडात सांगत गेले. "माझे वडील ब्लांटायरला शाळेत भूगोल शिकवतात. ते जिवंत आहेत. उद्या परवाना मिळाला नाही, तर माझी परीक्षा जाईल आणि मला घरी परतावं लागेल. आईनं शिलाई करून मला इथं पाठवलंय."

"आई तुझी, मान्य," बोसा मागून ओरडला. "बापाचं बापाला तरी कुठं माहीत असतं?"

हशा पिकला. इमाक्युलेट उठली. "त्याला जाऊ द्या ना! तोच नको म्हणतोय, तर तुम्ही का बळंच बाप चिकटवताय?"

"तुला जमिनीची काळजी!" कोणीतरी म्हणाले, आणि आरडाओरड सुरू झाली.

तेवढ्यात सालोंगोची बायको उठली. जुळ्यांची आई म्हणून सारे तिला नालोंगो म्हणत. मयताच्या दिवसापासून ती कोणाशी फारसे बोलली नव्हती. लिंबानीच्या ताटात वाढणारी बाई तीच, हे त्याला आत्ता उमगले. ती उठताच पुढच्यांनी तिला वाट करून दिली.

"हा माझ्या नवऱ्याचा मुलगा नाही," ती म्हणाली. "सालोंगो मलावीला कधी गेलाच नाही."

फणसाखालची गर्दी पुढे सरकली.

"ट्रक इथून दोन-तीन तासांवर, मासाका गावात उभा असायचा. तिथं त्याचं दुसरं घर आहे. येताना मलावीचा म्हणून तांदूळ आणायचा. पोत्यावर मासाकाच्या दुकानाचा शिक्का असायचा. मला वाचता येतं, हे त्याच्या ध्यानात राहायचं नाही."

"आई! तुला माहीत होतं?" इमाक्युलेटचा आवाज फुटला.

"इतकी वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"नवरा मलावीला आहे म्हटलं की शेजारणी हळहळतात. मासाकाला आहे म्हटलं की हसतात." तिने गर्दीवर नजर फिरवली. "हसा आता. पण या पोराची परीक्षा जाऊ देऊ नका."

कोणी हसले नाही. बोसाने टोपी काढून हातात धरली.

चेअरमननी तिथेच, मांडीवर कागद ठेवून, पत्र लिहिले. शुक्रवारी लिओकाडियाबाईंनी ते मोठ्याने वाचले. "सदर इसमास संपूर्ण वस्ती ओळखते. तो आमच्यापैकी कोणाचाही कोणी नाही, याची जाहीर सभा घेऊन खात्री करण्यात आली आहे." त्यांनी चष्मा काढला. "इतकं भक्कम पत्र मी आजवर पाहिलं नाही." दुपारी परवान्यावर शिक्का बसला.

लिंबानी परतला तो मान खाली घालून. परवाना मिळाला होता. ओळीतल्या खोल्यांची दारे लावलेली होती. मुलगाच नाही म्हटल्यावर चहा कोण आणणार? त्याने किल्ली काढली.

"ए मलावी!"

नालोंगो रस्त्यात उभी होती, कमरेला फडके खोचून.

"परीक्षा आहे ना तुझी?"

"हो. बसू देतील आता. तुमच्यामुळं, आजी. तुम्ही माझ्यासाठी जे..."

"ते राहू दे. मुलगा होतास तोवर खुर्चीवर बसलास, मी काही बोलले नाही. मयताच्या मुलांनी बसायचंच असतं. पण शेजाऱ्यांनी भांडी घासायची असतात. सगळ्यांची घासून झाली, तुझ्या वाटणीची तशीच पडलीत."

घरामागे तीन भलीमोठी, बुडाशी काळीठिक्कर पडलेली पातेली उभी होती. लिंबानीने बाह्या सरसावल्या, राखेचा गोळा घेतला आणि पहिल्या पातेल्यात कमरेपर्यंत वाकला. बऱ्याच वेळाने बाहेर कोणी पाहुणी आली. तिने विचारलेले त्याला पातेल्यातून घुमत ऐकू आले, हा कोण?

"शेजारी आहे," नालोंगो म्हणाली. "खाली बुडाशी घास रे, तिथं अजून करपलंय."