गाठींच्या साथीत माळावर बायकांनी छावणी मांडिली, तिची बखर

॥ श्री ॥ दावणीस दंडवत, गव्हाणीस दंडवत, मुक्या जिवांच्या कैवाऱ्यास दंडवत. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, भाद्रपद मास, ते वर्षीचे वर्तमान ऐसे जे, ओढ्यापासोन टेकडीपर्यंत पसरलेल्या एका गावाच्या लहानशा राज्यात पोळा सरतो न सरतो तोच गाईबैलांवर गाठींचा रोग उतरला. आधी जनावरास ताप भरावा, मग अंगभर सुपारीएवढ्या गाठी उठाव्या, मग त्या फुटोन जखमा व्हाव्या आणि पाय सुजोन जनावराने वैरणीकडे पाहू नये, ऐसा तो रोग. माश्या आणि गोचिडे एकाचा रोग दुसऱ्यास नेती. रयत घाबरी जाहली. मग राज्याचे कारभारी भिवराव यांणी चावडीपुढे सभा भरविली आणि हुकूम फर्माविला की, ज्याचे जनावरास गाठ दिसेल त्याणे ते ओढ्यापलीकडे रानात सोडोन यावे, जो घरी ठेवील त्याचे नळाचे पाणी बंद होईल. भिवराव मनाचे दुष्ट नव्हते. त्यांचा स्वतःचा खोंड साथीच्या पहिल्या झपाट्यात गेला होता आणि भयाने त्यांचे पोटात घर केले होते.

त्या राज्यात द्वारकाबाई म्हणोन एक बाई होती. भ्रतार ट्रक घेवोन परमुलखी फिरे, आणि घरी सासू, दोघी लेकी आणि पोवळी नावाची तांबडी गाय, नुकतीच व्यालेली. द्वारकाबाई ओढ्यावर धुणे धुवावयास गेली तो पलीकडे चिखलात एक पांढरा बैल उभा, कावळे त्याच्या जखमा टोचीत होते आणि तो गावाकडे तोंड करोन हंबरत होता. बाईने दगड मारोन कावळे उडविले, धुणे तैसेच टाकिले आणि तडक हमीदाबीचे घर गाठिले, कारण बैल तिचा होता.

"भाभी, तुमचा बैल जिता हाय. कावळे टोचून खातेत त्याला."

हमीदाबी चुलीपुढे बसली होती, ती मान वर न करिता बोलिली, "मला नको सांगू गं द्वारके. कालपासनं कानावर हात ठिवून बसले. त्याचा आवाज वळखू येतो मला."

"मग उठा की."

आणि दोघी उठल्या. माळावर जुन्या दुष्काळातील चारा छावणीच्या शेडी ओस पडल्या होत्या. तेथे तो बैल आणिला आणि हे वर्तमान कळताच आणीक बायका आल्या, कोणी रानातली गाय शोधोन आणिली, कोणी पोती, कोणी हळद. मग तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंस फोन केला. त्या येवोन गावातील धडधाकट जनावरांस लस टोचोन गेल्या, आणि सांगोन गेल्या की लस अंगी मुरावयास वेळ लागतो, तोवर आजारी जनावर वेगळे ठेवा, माश्या बसू देऊ नका, जखमा धुवा, मऊ हिरवे खावयास घाला. बायकांनी तैसेच केले. कडुनिंबाचा धूर धरिला, खोबरेलात हळद कालवोन जखमांस लाविली, आणि जे जनावर बसले आणि उठेना, त्याचे पोटाखाली पोती घालोन चौघीचौघींनी उचलिले.

मग भिवराव माळावर आले आणि दुरूनच बोलिले, "बायांनो, तुमच्या लुगड्यावरनं रोग गावात आला तर?"

"आमी हितंच आंघूळ करतो, कापडं बदलतो, मग घरी जातो," द्वारकाबाई बोलिली.

"आणि तरीबी आला तर?"

बाई बैलाचे जखमेवरील माश्या हाकलीत राहिली. भिवराव म्हणाले, "तुमच्यातल्या एकीच्या जरी गोठ्यात गाठ निघाली, तरी मी ही छावणी मोडणार. मग माझ्याकडं रडत येऊ नका."

त्या दिवसापासोन द्वारकाबाईचे जिवास स्वस्थता कैसी ती नाही. हात घासघासोन सालटी निघाली. स्वतः गोठ्यात पाऊल घालीना, सासूने वैरणपाणी करावे आणि हिने दाराशी उभे राहोन पोवळीकडे टक लावावी. गाईने कान झाडला तरी हिने सासूस हाक मारावी, तिने पाटीत घास सोडला तरी हिने आपले ताट सारावे. आणि एके सकाळी सासूने आतून हाक मारली ती ऐसी मारली की बाई उंबरा ओलांडोन आत गेली. पोवळीचे मानेखाली गाठ होती. दाबोन पाहिली, टणक होती, आणि मागे दुसरी.

सासू कुजबुजली, "कुणी बघितलं न्हाई अजून. झूल टाक, दार लाव. वासराकडं बघ गं माझ्या बाये."

द्वारकाबाई गाईच्या मानेस हात लावोन उभी राहिली. सांगावे तर छावणी मोडेल आणि सगळी जनावरे पुन्हा चिखलात. लपवावे तर माशी भिंत ओलांडोन शेजारच्या गोठ्यात जाईल. आणि सर्वांत मोठा घोर हा की, हा रोग आपणच तर पदरात बांधोन आणिला नाही ना? तिने वासरू सासूचे हाती दिले, दावे सोडिले आणि भर उजेडी पोवळीस घेवोन मधल्या आळीने निघाली. लोक ओट्यावर उभे राहिले. गाय शांतपणे मागे चालत होती.

चावडीशी भिवरावांनी वाट अडविली. "गाय कुणाची?"

"माझी. गाठी आल्यात तिला. छावणीत नेते. मोडायची तर मोडा, पर हिला मी रानात सोडायची न्हाई."

भिवरावांचा चेहरा उतरला आणि ते काही बोलणार तोच समोरील घराची कडी वाजली. म्हातारे नामदेवतात्या बैलाचे दावे धरोन बाहेर आले. बैलाचे अंगावर गोधडी होती, ती त्यांणी ओढोन काढिली आणि गाठी सगळ्यांस दिसल्या. "पोळा झाल्यापासनं लपवलाय. भ्यालो व्हतो," इतकेच ते बोलिले. मग पलीकडले दार उघडिले, मग त्यापलीकडले, आणि आळीत इतकी आजारी जनावरे उभी राहिली की, भिवरावांस कळोन आले, आपल्या हुकुमाने रोग हाकलिला नाही, घराघरांत कोंडिला. ते चावडीच्या पायरीवर मटकन बसले. मग मान वर करोन द्वारकाबाईस म्हणाले, "एवढ्यांना वैरण पुरंल का गं? माझा मका उभा हाय. कापून न्या."

पोवळी वाचली नाही. हमीदाबीने आणि द्वारकाबाईने तिला पोत्यांवर उचलोन धरिली, तोंडात पेज घातली, परंतु छातीस सूज उतरली आणि गाय गेली. माळाचे कडेस खोल खड्डा करोन, चुना घालोन पुरिली, आणि द्वारकाबाईने तेथोन येवोन हात धुतले आणि दुसऱ्या गाईच्या जखमा धुवावयास बसली, कारण तीही हंबरत होती. रोग कोणाचे पदरातून आला हे कोणी सांगू शकले नाही, आणि बाईचे मनातील तो काटा शेवटपर्यंत निघाला नाही. वासरू शेळीच्या दुधावर तगले.

येणेप्रमाणे त्या साथीची हकीकत. दिवाळीपुढे रोग ओसरला, भिवरावांनी आपला हुकूम आपल्या तोंडाने मागे घेतला आणि छावणीचा कारभार बायकांचे हाती राहिला. पुष्कळ जनावरे वाचली, काही गेली. परंतु त्या दिवसानंतर त्या राज्यातोन एकही जनावर कोणी हाकलोन दिले नाही.