गंभिरे सर म्हणाले की

सातवीच्या वर्गात धामण निघाली तेव्हा गंभिरे सरांचा तास चालू होता. पोरं बाकांवर चढून साप साप म्हणून ओरडायला लागली. सरांनी त्यांना ओळीनं बाहेर काढलं, दार ओढून घेतलं आणि ऑफिसात येऊन हेडमास्तरांना सांगितलं की सातवीच्या मुलांनी अत्यंत भीतीने असे उद्गार काढले की वर्गात एक साप आहे. हेडमास्तर हजेरीपट भरत होते. ते "बरं" म्हणाले, पुढची दोन नावं लिहिली आणि मग एकदम खुर्चीवरून उठले. तोवर धामण खिडकीतून शेजारच्या सोयाबीनमध्ये गेली होती.

"साप निघालाय एवढंच सांगायचं ना सर," हेडमास्तर म्हणाले.

"साप मी पाहिला नव्हता," सर म्हणाले. "मुलांनी पाहिला. मी त्यांचं म्हणणं सांगितलं."

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून तेव्हा महिनाच झाला होता. शाळा येरमाळ्याच्या अलीकडं, हायवे सोडून दोन किलोमीटर आत. मी कळंबहून एस्टीनं जायची आणि फाट्यावरून चालत. गंभिरे सर गावातच राहायचे. इंग्रजी शिकवायचे. त्यांना मी मोठ्यानं हसताना किंवा ओरडताना कधी पाहिलं नाही, आणि हा माणूस आयुष्यभर उद्गारवाचक वाक्यं शिकवत होता.

तो धडा बाकीचे शिक्षक दोन तासांत उरकतात. कुणी म्हणालं, "हुर्रे, आपण जिंकलो," आणि ते तुम्हाला तिसऱ्याला सांगायचं असलं, तर हुर्रे काढायचं, उद्गारचिन्ह काढायचं, शेवटी पूर्णविराम द्यायचा आणि हुर्रेच्या जागी लिहायचं, 'एक्सक्लेम्ड विथ जॉय दॅट'. 'अलास' असेल तर 'विथ सॉरो'. 'व्हॉट अ'चं 'व्हेरी'. पोरं पाठ करून मोकळी होतात. सर पाठ करू द्यायचे नाहीत. त्यांचा तो धडा दिवाळीपर्यंत चालायचा.

"भावना कोणती?" हा त्यांचा प्रश्न. "भावना आधी शोधा. वाक्य मागून आपोआप येतंय."

फळ्यावर ते लिहायचे, 'किती हा पाऊस', आणि खडू खाली ठेवून मुलांकडं बघत राहायचे. एखादा म्हणायचा, आनंदानं. सर विचारायचे, महिना कोणता? जून असेल तर आनंदानं. सोयाबीन काढणीला आलेलं असेल तर दुःखानं. कोण म्हणालं, कधी म्हणालं, त्याच्या रानात काय उभं आहे, हे कळल्याशिवाय वाक्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता. परीक्षेत याला अर्धा गुण असतो, असं मी एकदा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, असू दे.

ही खोड वर्गापुरती राहिली असती तर ठीक होतं. आमच्या शिपाई भाऊंच्या हातावर एकदा चहा सांडला आणि ते आई गं म्हणून कळवळले. सर लगेच उठले, त्यांचा हात माठाच्या पाण्याखाली धरला, आणि धरल्या धरल्या विचारलं, "भाऊ, हे वेदनेनं की आश्चर्यानं?"

"भाजलंय वो सर," भाऊ म्हणाले.

"मग वेदनेनं," असं म्हणून त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि डाव्या हातानं काहीतरी लिहून ठेवलं.

या चिठ्ठ्यांचं स्टाफरूममध्ये सगळ्यांना कोडं होतं. आम्ही काही बोललो की सर पाठ वळवून दोन शब्द लिहायचे. कधी दुसऱ्या दिवशी विचारायचे, मॅडम, काल तुम्ही हसलात तेव्हा नेमकं काय म्हणाला होतात? घंटा झाली की चहालाही न थांबता घरी. हे वरच्या ऑफिसला आपल्या तक्रारी कळवतात, असं एक-दोघांचं ठाम मत झालं होतं. खोटं कशाला सांगू, मलाही थोडा संशय होता.

तो संशय कमी झाला तो नववीतल्या रेणुकाच्या वडिलांमुळं. ते मेंढरं राखणारे, वस्ती गावापासून तीन किलोमीटर लांब. एक दिवस काठी घेऊन थेट ऑफिसात आले आणि ओरडायला लागले. लई झाली शाळा, उद्यापासून पोरगी यायची न्हाय, तुम्ही मास्तर लोक फुकटचे पगार खाता. मध्येच एस्टी बंद झाल्याचं काहीतरी म्हणाले आणि परत शिव्यांवर आले. हेडमास्तरही आवाज चढवायच्या बेतात होते. तेवढ्यात गंभिरे सर दोघांच्या मधे उभे राहिले आणि हेडमास्तरांकडं वळून हळू आवाजात सांगायला लागले. रेणुकाचे वडील भीतीने असं म्हणतात की चारची एस्टी महिन्यापासून बंद आहे. पोरगी एकटी चालत येते, वाटेत ओढा लागतो, आणि ती घरी पोचेपर्यंत त्यांचं मेंढरांत लक्ष लागत नाही.

त्या माणसानं काठी भिंतीला टेकवली.

"व्हय," तो म्हणाला. "तसंच म्हणलो म्या."

मग तो स्टुलावर बसला आणि भाऊंनी दिलेलं पाणी प्याला. दुसऱ्या दिवसापासून सर शाळा सुटल्यावर रेणुकाला आणि तिच्याच वाटेच्या आणखी दोघींना ओढ्याच्या पलीकडं सोडून यायला लागले. एस्टी पुन्हा सुरू व्हायला चार महिने लागले. चार महिने ते गेले.

त्यांच्या घरी मी गेले ते त्यानंतर, एका रविवारी, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणायला. दार त्यांच्या बायकोनं, काकूंनी उघडलं. मला बघितल्याबरोबर त्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुम्ही विज्ञानाच्या मॅडम. मंगळवारी तुमचा गॅस संपला होता, डबा आणला न्हाई. भाऊंनी भाकरी दिली."

मी गोंधळले. सर आतून आले आणि त्यांनी सांगितलं की काकूंना ऐकू येत नाही. बारा वर्षांपूर्वी मोठा ताप आला, ताप उतरला आणि कान गेले. सोलापूरला दाखवलं, मशीन लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. त्यांना फक्त सरांचे ओठ वाचता येतात, तेही सर समोर बसून सावकाश बोलले तर. सुरुवातीला बायका भेटायला यायच्या. मग यायच्या बंद झाल्या. आल्या तरी आपसात बोलायच्या आणि काकू नुसत्या बघत बसायच्या.

म्हणून सर रोज दिवसभराचं बोलणं घरी घेऊन जायचे. कोण काय म्हणालं ते चिठ्ठीवर, आणि शेजारी एका शब्दात भावना. कारण शब्द ओठांवर दिसतात, आवाज दिसत नाही. हे त्यांनी मला सांगितलं नाही. चहा होईपर्यंत ते पाटावर काकूंच्या समोर बसून माझं बोलणं त्यांना सांगत होते, तेव्हा मला दिसलं.

काकूंना आमचा सगळा स्टाफ पाठ होता, पण तो आमच्यापेक्षा बराच चांगला स्टाफ होता. मी भाऊंना एकदा खडूवरून फाडफाड बोलले होते. काकू म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी भाऊंना काळजीनं बोललात म्हणे." मी सरांकडं पाहिलं. ते कपात साखर ढवळत होते.

मागच्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला काकू पहिल्यांदा शाळेत आल्या. व्यासपीठावर सरांसाठी खुर्ची होती, हार होता. पण सर खाली उतरून दुसऱ्या रांगेत काकूंच्या समोर खुर्ची उलटी करून बसले. व्यासपीठाकडं पाठ. लोकांना ते विचित्र वाटलं असणार. मी काकूंच्या शेजारीच होते, त्यामुळं मला दोन्ही भाषणं ऐकू येत होती, माइकवरचं आणि सरांचं.

हेडमास्तर बोलायला उभे राहिले. सहसा ते दोन मिनिटांत आटोपतात. त्या दिवशी त्यांनी ओढ्याचं सांगितलं, रेणुका आता लातूरला नर्सिंगला आहे हे सांगितलं. या माणसानं तीस वर्षांत कुणाचंही वाईट बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवलं नाही, असं म्हणाले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. सर काकूंना सावकाश सांगत होते, "हेडमास्तर आनंदानं म्हणतात की यंदा पाऊस बरा आहे. शाळेच्या पत्र्यांचं काम लवकर करून घ्यायला पाहिजे."

काकू मान हलवत होत्या. पण त्यांची नजर सरांच्या खांद्यावरून व्यासपीठाकडं होती. तिथं हेडमास्तर रुमालानं डोळे पुसत होते.

जेवणाच्या वेळी सरांना मुलांनी फोटोसाठी बाहेर लिंबाखाली नेलं. काकूंनी माझं मनगट धरलं, निमंत्रणपत्रिका उलटी करून माझ्यापुढं ठेवली आणि पिशवीतून पेन काढलं. हळू बोलायचा त्यांनी प्रयत्न केला, पण सगळ्या पंगतीला ऐकू गेलं.

"पत्र्यासाठी कुणी रडत न्हाई, मॅडम. काय म्हणाले ते लिहा."

मी लिहिलं. आठवेल तेवढं सगळं लिहिलं, पत्रिका भरली तशी कडेनं लिहिलं. काकूंनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. रेणुकापाशी थांबल्या, परत वाचलं. मग पत्रिकेच्या चार घड्या करून ब्लाउजमध्ये ठेवली.

"ह्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "मला ठावं न्हाई असंच राहू द्या. त्यांना लाज वाटंल."

तेवढ्यात सर आत आले. आम्हा दोघींकडं त्यांनी पाहिलं, माझ्या हातात अजून पेन होतं. त्यांनी काकूंना विचारलं की मॅडम काय म्हणतात.

काकूंनी पदर सारखा केला.

"मॅडम म्हणत्यात," त्या म्हणाल्या, "वरणात मीठ कमी पडलंय."

सरांनी माझ्याकडं बघून मान डोलावली आणि ते मीठ आणायला गेले.