चावी उतरवलेली गाडी

"अहो, घरात पाणी द्यायला एक ग्लास शिल्लक नाहीये, आणि चार वाजता माणूस येतोय!" काकू स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या.

काकांनी मान वर केली नाही. अंगणातल्या बाकावर पांढरी चादर अंथरलेली होती आणि तिच्यावर घरातले सगळे, म्हणजे अकरा ग्लास उपडे मांडलेले होते. प्रत्येक ग्लासाखाली जुन्या गाडीच्या कार्बुरेटरचा एकेक भाग होता. एकाखाली स्क्रू, एकाखाली स्प्रिंग, एकाखाली तांदळाएवढी पितळी सुई. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला उघड्यावर पडलेला भाग बघवत नाही. धूळ बसते, वारा येतो, मांजर येतं. म्हणून ग्लास. गल्लीत सगळे त्यांना टिकटिककाका म्हणत, ते उगाच नाही.

"एक तरी द्या!" काकू बाकाजवळ आल्या. "हा देऊ?"

"त्याला हात लावू नकोस. तो तिसरा आहे."

"मग हा?"

"तो तर सातवा! सातव्याशिवाय आठवा कसा बसेल?"

"पाहुण्याला काय सांगू? पाणी ओंजळीतून प्या, आमचे ग्लास कामावर गेलेत?"

काका हसले, पण ते हसू गाडीकडे बघून होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी घेतलेली ती निळी गाडी गेली अकरा वर्षं फाटकाच्या आतच उभी होती. तिचा कार्बुरेटर गळायचा. काकूंनी बॉनेटच्या बरोबर खाली एक डबा ठेवला होता. काका रोज सकाळी त्यातलं पेट्रोल पुन्हा टाकीत ओतायचे, दर महिन्याला बॅटरीही चार्ज करून ठेवायचे. "गाडी पाळलीय की म्हैस?" काकू विचारायच्या. काका म्हणायचे, "उद्या बघतो." असे चार हजार उद्या झाले.

पण गाडी कुठे जात नव्हती, असं म्हणणंही खरं नव्हे. रोज संध्याकाळी काका स्टिअरिंगमागे बसायचे. आत वारा छान लागतो म्हणून काकू शेजारच्या सीटवर मटार सोलत बसायच्या. काका डोळे अर्धवट मिटून क्लच दाबायचे, गिअर टाकायचे आणि तोंडाने रस्ता सांगायचे. "आता बेकरी. आता डावीकडे. इथे हळू, शाळा आहे. आता उतार, ब्रेकवर पाय..." शेवटी म्हणायचे, "आलं तळं." काकू विचारायच्या, "उतरायचं?" मग दोघं आपल्याच अंगणात उतरायची आणि काकू भाजी फोडणीला टाकायला आत जायच्या.

मागच्या आठवड्यात मात्र काकूंनी मटाराची परडी खाली ठेवली आणि ठरवून टाकलं. गाडी विकायची. दातांचे एक निवृत्त डॉक्टर जुनी गाडी शोधत होते. काकूंनी त्यांना फोनवर प्रामाणिकपणे सांगितलं, की ती गळते. डॉक्टर म्हणाले, "मग तर बघायलाच येतो." काकूंना वाटलं, किती सज्जन माणूस!

"गळकी गाडी मी कुणाला देणार नाही," त्यांनी काकांना बजावलं. "दुरुस्त करा, मग द्या. तुमच्याच्यानं होत नसेल तर मेकॅनिक बोलावते."

हे शेवटचं वाक्य काकांच्या वर्मी लागलं. दुरुस्त झाली की गाडी जाणार, हे त्यांना कळत होतं. नाही केली तर कदाचित राहील, हेही कळत होतं. पण होत नाही असं हे हात कधी म्हणाले नव्हते. ते बसले बाकावर, आणि एकदा बसल्यावर त्यांची तंद्री लागली.

घड्याळ उघडण्याआधी त्याची चावी उतरवतात, म्हणजे आतली स्प्रिंग सैल करून सगळा जोर काढून घेतात. त्या सवयीने काकांनी आधी नळी लावून टाकी रिकामी केली आणि पेट्रोलचा डबा लांब, भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवला. मग कार्बुरेटर सोडवला. आत अंजिराएवढा एक पोकळ पितळी फ्लोट होता. संडासाच्या टाकीत फुगा असतो ना, तसाच. पेट्रोल भरलं की त्याने वर तरंगायचं आणि सुईने वाट बंद करायची. काकांनी तो कानाजवळ हलवला. आत डुबुक डुबुक आवाज आला. म्हणजे त्याच्या पोटातच पेट्रोल शिरलं होतं आणि तो बुडून बसला होता.

स्टोव्हवरून उतरवलेल्या कढत पाण्याचं पातेलं बाहेर आणून त्यांनी फ्लोट त्यात धरला. पितळेच्या कडेपासून मोहरीएवढा बुडबुडा निघाला, डोलत वर आला आणि फुटला. मग दुसरा. काका बघतच राहिले. त्यांना वाटलं, अकरा वर्षांच्या संध्याकाळी याच्या पोटात साठल्या असतील आणि आता एकेक करून बाहेर पडतायत. त्यातल्या एका बुडबुड्यात त्यांना निळी गाडी दिसली, तळ्याकाठी उभी.

"अहो! पाणी गार झालं!"

तोवर फ्लोटच्या पोटातलं पेट्रोल पुरतं उडून गेलं होतं. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, छिद्र शोधलं आणि राईच्या दाण्याएवढा डाख दिला. पुन्हा कढत पाण्यात धरला. बुडबुडा नाही. मग अकराव्या ग्लासापासून पहिल्यापर्यंत एकेक भाग उलट्या क्रमाने बसत गेला आणि काकू मागोमाग ग्लास विसळत गेल्या. पाइपला नरसाळं लावून काकांनी कपभर पेट्रोल ओतलं. जेवढं हवं तेवढं आत गेलं आणि बाकीचं नरसाळ्यात थबकलं. खालचा डबा कोरडा ठक्क. काकांनी पाइप जागच्या जागी जोडला, बॉनेट लावलं, हात पुसले.

तेवढ्यात त्यांना उमगलं, की आपण ही गाडी फारच छान दुरुस्त केली.

चारला डॉक्टर आले. ग्लासभर पाणी प्यायले आणि थेट गाडीखाली वाकले.

"गळती कुठाय?"

"काढली," काकू अभिमानाने म्हणाल्या. "एक थेंब नाही."

"का काढली?" डॉक्टरांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा झाला. "अहो वहिनी, चालणारी गाडी आहे माझ्याकडे! मला बिघडलेली हवीय. निवृत्त झाल्यापासून हात नुसते शिवशिवतात. घरातले सगळे नळ झाले, शेजाऱ्यांचे झाले. आता बायको पक्कड लपवून ठेवते."

"एकदा फिरून तर बघा," काकू म्हणाल्या आणि पदर खोचून स्वतःच पुढच्या सीटवर बसल्या. "तळ्यापर्यंत चला. मी पण येते."

डॉक्टर मागे बसले आणि काकांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली. फाटकाबाहेर पडली तेव्हा काकूंनी नकळत डॅशबोर्ड घट्ट धरला. अकरा वर्षं नुसती ऐकलेली बेकरी खरोखरची मागे सरकली. खरोखरचं डावं वळण आलं. शाळेच्या भिंतीवर बसलेलं मांजर त्यांच्याकडे मान वळवून बघत राहिलं. काकूंचा हात मांडीवर मटाराची परडी शोधत होता.

शाळा संपली, उताराचं तोंड आलं, आणि गाडीने दोन आचके देऊन जीव सोडला.

"बंद पडली!" मागून डॉक्टर टाळ्या वाजवत ओरडले. "वा! काय सुरेख बंद पडली! काका, घेतली मी गाडी. आत्ता घेतली. काही सांगू नका, मीच शोधून काढतो!"

काकांना शोधायची गरज नव्हती. दुकानात त्यांचा एक नेम होता. दुरुस्तीनंतर पहिली चावी गिऱ्हाइकाने द्यायची, आपण नाही. चाळीस वर्षांच्या त्या सवयीने टाकी पुन्हा भरायची राहून गेली होती. टाकी रिकामी करून ठेवलेला पेट्रोलचा डबा अजून भिंतीच्या सावलीत उभा होता. नरसाळ्यातून आत गेलेलं तेवढंच पेट्रोल इथवर पुरलं होतं.

गप्प बसलं तर अब्रू राहील आणि गाडी जाईल. बोललं तर गाडी राहील, आणि उद्यापासून गल्लीत सगळे विचारतील, काका, पेट्रोल घातलंत का? काकांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. ते ऊबदार होतं.

"बिघाड नाही," ते हळूच म्हणाले. "पेट्रोल घालायचं विसरलो."

डॉक्टरांचे टाळीला उचललेले हात तसेच राहिले. "म्हणजे... नुसतं पेट्रोल?"

"नुसतं पेट्रोल."

काकूंनी आधी काकांकडे बघितलं, मग काचेतून समोर. उताराच्या टोकाला तळं होतं, दुपारच्या उन्हात गप्प पडलेलं.

"उतरा दोघं," त्या म्हणाल्या. "ढकला."

"अगं, घर मागे आहे."

"माहितीय. पुढे ढकला."

त्या सरकून स्टिअरिंगमागे बसल्या. काकांनी आणि डॉक्टरांनी मागून जोर लावला आणि दहा पावलांतच त्यांचे हात हवेत राहिले. गाडी आपली आपण निघाली होती. आवाज नाही, धूर नाही. निळी गाडी झाडांच्या सावल्यांतून अशी तरंगत गेली, की काकांना क्षणभर वाटलं आपण बाकावरच बसलोय आणि समोर पाण्याचं पातेलं आहे.

"ब्रेक! अगं, ब्रेकवर पाय!" ते भानावर येऊन पळत सुटले. मागून डॉक्टर पळत होते. "वहिनींना येते का चालवायला?"

"कधीच चालवली नाही!"

गाडी काठापासून हातभर अंतरावर अलगद थांबली. हँडब्रेक ओढल्याचा आवाजही नीट आला. दोघं धापा टाकत पोचले तेव्हा काकू काच खाली करून पाण्याकडे बघत होत्या.

"तू... कुठे शिकलीस?"

"अकरा वर्षं शेजारी बसून काय नुसते मटार सोलत होते?" काकू म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळून, "डॉक्टर, माफ करा हं, गाडी द्यायची नाही. पण आमचं शिलाई मशीन चार वर्षं अडकतंय. ते बघता का?"

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "अडकतंय? कसं अडकतंय?"

काका खिडकीपाशी वाकले. "आलं तळं," ते म्हणाले. "उतरायचं?"

"छे! मी बसते. तुम्ही चढ चढा आणि पेट्रोलचा डबा घेऊन या." काकूंनी सीटला मान टेकून डोळे मिटले. "घाई नाही. अगदी सावकाश या."