चहाच्या चोथ्याचा डोंगर

एकट्या माणसाच्या चहाचा चोथा दिवसाकाठी निघून निघून निघतो किती? दोन चमचे. आणि डोंगराला लागतो पाटीभर. वरव्याच्या कुंडलिक आबांचं घोडं तीन महिने इथंच अडलं होतं.

डोंगर कसला, तर रेल्वेचा. आबांनी सारी नोकरी नीरेच्या बाजूला एका आडस्टेशनावर पॉइंट्समन म्हणून काढली. सांधा बदलायचा, हिरवा झेंडा धरायचा आणि गाडीचा शेवटचा डबा नजरेआड झाल्याशिवाय तो खाली घ्यायचा नाही. रिटायर होऊन गावी आले, तर अख्ख्या भोर तालुक्यात औषधालासुद्धा रूळ नाही! तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, कारण घरात चंद्राबाई होती आणि ती रेल्वेपेक्षा कडक वेळ पाळायला लावायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मुलगा धनाजी कात्रजला, बोगद्याच्या पलीकडं. मोटारीनं पाऊण तासाचा रस्ता. पण खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर फार रांग असते, असं धनाजी दर रविवारी फोनवर सांगायचा. दोन वर्षं ती रांग काही हललेली नव्हती.

मे महिन्यात नात शेफाली पंधरा दिवस राहायला येणार म्हणून आबांनी पुण्याहून रुळांसकट आगगाडी आणवली. शेफालीला पोहण्याचा क्लास लागला. खोकं कपाटावर राहिलं. जूनमधल्या एका दुपारी पंख्याकडं बघून बघून कंटाळा आला तेव्हा आबांनी ते फोडलं, रूळ जोडले आणि बटण दाबलं. गाडी गोल फिरली. पुन्हा फिरली. कुठं जायचं नाही, कुणी चढायचं नाही, नुसतं फिरायचं. आबांना ते बघवेना. म्हणून त्यांनी गाडीच्या कडेनं गाव बांधायला घेतलं.

माणूस एकदा हट्टाला पेटला की काय विचारता! पुठ्ठ्याची घरं झाली. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची झाडं झाली. लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन गवत झालं. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वाकवून, तिच्यावर खळीत भिजवलेले पेपर चिकटवून डोंगर उभा राहिला आणि त्याच्या पोटातून कात्रजचा बोगदा निघाला. आता डोंगराला माती हवी. खरी माती रुळावर सांडली की इंजिन कुरकुर करायचं. चहाचा चोथा मात्र वाळवून पसरला की थेट आपल्याकडची जमीन. पहिल्या खेपेला साखरेच्या चहाचा चोथा तसाच पसरला, तर दुसऱ्या दिवशी रुळांवरून मुंग्यांची वाहतूक सुरू. तेव्हापासून आबा चोथा तीनदा धुऊन वाळवायला लागले.

हे सगळं मांडलं होतं पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, मोठ्या टेबलावर. कारण विजेचं बटण तिथंच होतं. आणि बटण तिथं होतं, कारण घरचा गणपती दरवर्षी त्याच टेबलावर बसायचा. चंद्राबाई गेल्यावर धनाजी म्हणाला, "आबा, तुमी एकटं निवद-आरतीचं कसं करणार? आमच्याकडं बसवू." घराण्याचा गणपती एकच. तो कात्रजला गेला. गेल्या वर्षी आबाही मागोमाग गेले होते. यंदा धनाजीचा फोन आला, "सोनियाच्या माहेरची माणसं मुक्कामाला हायेत, आबा. जागेची जरा अडचण. तुमी दुसऱ्या दिवशी जेवायला येऊन जा."

जेवायला येऊन जा, असं पाहुण्याला म्हणतात. आबांना ते लागलं. "बघतो. मला बी हितं लई काम हाय," असं ठसक्यात सांगून त्यांनी फोन ठेवला आणि पातेलं घेऊन शेजारच्या फुलाबाईकडं गेले.

"फुलाबाई, तुमच्याकडचा चोथा टाकू नका. मला द्या."

"चोथा? कशाला वो भावजी?"

"लागतोय."

फुलाबाईचं घर आठ माणसांचं. दुसऱ्या दिवशी ती डबाभर चोथा घेऊन आली आणि दारातच थबकली. गणपतीचं टेबल. त्याच्यावर डोंगर, झाडं, घरं, दिव्यांच्या माळा. आणि मधोमध चांगली हातभर जागा मोकळी. ती जागा होती वरव्याच्या स्टेशनासाठी. आबांनी ते अजून बांधलं नव्हतं. पण गणपती आठ दिवसांवर आले असताना फुलाबाईनं काय समजावं?

"अगं बया! भावजी, आरास! बाप्पा परत हितं येनार व्हय?"

आबा तोंड उघडणार, तोवर फुलाबाईनं डोळ्यांना पदर लावला. "चंद्राक्का असती तर लई खूश झाली असती." रडणाऱ्या बाईला "ही रेल्वे आहे" असं सांगायचं कसं? आबा गप्प बसले. इथं ते चुकले.

तासाभरात मंडळाचा अध्यक्ष गोरख हजर. गोरखनं वाकून बोगद्यात बघितलं, गाडी तीनदा फिरवायला लावली, मोबाईलवर फोटो काढले आणि खुर्ची ओढून बसला. आबांनी चहा टाकला. घरात दोन कप एकदम निघाले, त्याला किती महिने झाले होते कोण जाणे.

"आबा, मूर्ती केवढी आणायची?"

"आरं गोरख, त्याचं आसं हाय..." आबा म्हणाले आणि त्यांनी गोरखच्या कपाकडं बघितलं. अर्धा चहा शिल्लक होता. नाही म्हटलं तर हा तेवढ्यावर उठणार. "बघू," ते म्हणाले. "तू च्या घे आदी."

तो 'बघू' गोरखनं होकार धरला. संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर फोटो पडले: 'कुंडलिक आबांच्या घरी यंदा रेल्वेचा देखावा. सर्वांनी दर्शनाला यावे.' मग काय, रीघ लागली. कुणी म्हणालं, इंजिनात उंदीरमामा बसवा. कुणी म्हणालं, डोंगर राजगडासारखा झालाय, वर भगवा लावा. आबा प्रत्येकाला चहा पाजत होते आणि प्रत्येक वेळी खरं सांगणार होते. घसा साफ करायचे, आणि समोरचा म्हणायचा, "आबा, अजून एकदा फिरवा की गाडी." चार दिवसांत चोथा मात्र झकास जमला.

पाचव्या दिवशी भोंगवलीहून धाकट्या बहिणीचा, भागूबाईचा फोन आला. ती रडतच होती.

"दादा, वाटणी झाली व्हय तुजी आन् धनाजीची?"

"कसली वाटणी?"

"मग येगळा गणपती कशापायी बसवतोस? एका घरात दोन गणपती मंजी दोन चुली! आपल्या सात पिढ्यांत आसं झालं न्हाई."

गावातला फोटो मोबाईलवरून भोंगवलीला पोचला होता, हे आबांच्या गावीही नव्हतं. "भागू, आगं ऐक..." पण भागूबाई ऐकून घेणाऱ्यांतली असती तर काय हवं होतं! तिनं फोन ठेवला तो धनाजीला लावण्यासाठीच. दहा मिनिटांत धनाजी.

"आबा, माझं काय चुकलं तेवढं सांगा. वेगळा गणपती बसवण्याइतकं?"

"आरं, गणपती न्हाई. ती रेल्वे हाय."

"कसली रेल्वे?"

"चोथ्याची. मंजी डोंगर चोथ्याचा. रेल्वे पलास्टिकची."

पलीकडून हळू आवाजात, "आबा, गोळ्या घेता ना वेळेवर?"

"बीपीची घेतो की."

"आत्या म्हणतीये तुमी शेजारी चोथा मागायला जाता. घरात चहापूड न्हाई का? आबा, गाव काय म्हणत असंल! पोरगं बापाला चहापूड देत न्हाई?" धनाजीचा आवाज चिरकला. "मी येतो. सगळेच येतो. हरतालिकेच्या दिवशी. तोवर काही करू नका तुमी."

फोन बंद झाला. आबा भिंतीवरच्या चंद्राबाईच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. "ऐकलंस? येत्यात. समदी येत्यात," ते म्हणाले.

शहाण्या माणसानं लगेच फोन करून नीट उलगडून सांगितलं असतं. आबांनी फोन उचललाही. पण नीट सांगितलं, की धनाजी म्हणणार, 'हात्तिच्या, एवढंच होय!' आणि येणं रद्द. गोरखला मूर्ती नको म्हणावं, तर तो ते ग्रुपवर टाकणार, म्हणजे पुन्हा तेच. आबांनी फोन तांदळाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. "खोटं कुठं बोललो?" ते फोटोला म्हणाले. "नीट सांगितलं न्हाई, येवढंच." चंद्राबाईचा चेहरा काही त्यांना पटल्यासारखा दिसला नाही.

हरतालिकेच्या दुपारी हलगी वाजायला लागली. गोरख गुलालानं माखलेला, टेम्पोत उभा, हातात रुमालानं तोंड झाकलेली मूर्ती. भागूबाई सकाळच्या एसटीनंच आली होती. ती पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. रुसवा आपल्या जागी. दारात आलेल्या देवाला ओवाळून घ्यायला नको?

तेवढ्यात टेम्पोच्या मागं धनाजीची गाडी थांबली. तिच्या मागं सोनियाच्या माहेरच्यांची गाडी. पुढच्या सीटवरून सोनिया जपून उतरली आणि हलगीवाल्याचा हात वरच्या वर राहिला. सोनियाच्या हातातही मूर्ती होती. रुमालानं तोंड झाकलेली.

"घर फोडल्याचं नाव सुनेवर येतं, आबा," ती घुश्शात म्हणाली. "म्हणून आपला गणपतीच घेऊन आले. आता बसवा कुठला बसवायचा तो."

एक उंबरा, दोन गणपती. भागूबाई तुकडा हातात धरून एकदा इकडं बघे, एकदा तिकडं. "आता गं बाई! कुणावरनं ओवाळू?"

आबा पुढं झाले. "कुनावरनंच नगं," ते म्हणाले. "मी गणपती बसवणारच नव्हतो."

सगळे त्यांच्या मागोमाग खोलीत दाटले. आबांनी बटण दाबलं. गाडी शिट्टी देत निघाली, बोगद्यात शिरली, बाहेर आली, पुठ्ठ्याच्या घरांच्या कडेनं गेली. "शेफीसाठी आणलेली. ती आली न्हाई. मग म्याच खेळत बसलो," आबा म्हणाले. "आन् ही मोकळी जागा स्टेशनाची हाय."

"आवं आबा, मी इच्यारलं व्हतं की! केवढी आणू म्हणून!" गोरख कळवळला. "मूर्त्या सपल्यात. माज्या घरची ठरवलेली तुमाला दिली म्या."

"तू च्या पीत होतास, गोरख. न्हाई म्हणलो असतो तर उठला असतास." आबांनी खाली बघितलं. "लई दिवसांनी कुणी बसलं होतं."

धनाजी पुढं आला. "पण मला का न्हाई नीट सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं, तर तू टोलनाक्याच्या रांगेत अडकला असतास."

धनाजी गाडीकडं बघत राहिला. गाडी एक फेरा पुरा करून पुन्हा बोगद्यात गेली आणि आतच अडकली.

"पुढचं मागनं बोला," भागूबाई उंबऱ्यातून ओरडली. "हात भरून आला माजा! कुठल्या देवाला आत घ्यायचं ते सांगा."

सगळ्यांत आधी गोरखला सुचलं. "मग हा माजा मी घरी न्हेतो की! बायको सकाळधरनं बोलत न्हाई माज्याशी." आणि तो हलगीसकट वळला सुद्धा. सोनियाच्या हातातला गणपती पाणी-तुकडा ओवाळून आत आला आणि वरव्याच्या स्टेशनाच्या जागी बसला. हातभर जागेत नेमका मावला.

दीड दिवसाचा गणपती जाईपर्यंत घरात नऊ माणसं होती. आरती चालू असताना शेफालीनं गाडी चालू ठेवली. सोनियाचे वडील, पासष्टीचे गृहस्थ, इंजिन कुणाच्या हाती देईनात आणि दोनदा रुळावरून घसरवून बसले. धनाजी पोटावर झोपून बोगद्यात हात घालून बसला होता; त्याच्या केसांत चोथा. सोनिया येईल-जाईल त्याला चहा करत होती. आबा मधेच उठून स्वयंपाकघरात जायचे, माणसं मोजायचे आणि परत यायचे.

विसर्जन झालं. गाड्या निघाल्या. आबा दारात हात वर करून उभे राहिले. मागची गाडी हायवेच्या वळणाला दिसेनाशी झाली, तरी हात खाली यायला जरा वेळच लागला.

घर एकदम मोठं झालं होतं. टेबलावर मधोमध जागा पुन्हा मोकळी, तिच्यावर दोन-चार दूर्वा. आबांना आत जाववेना, म्हणून ते मागच्या पडवीत गेले. तिथं चार पेपर पसरले होते, कडेला दगड ठेवून. पेपरभर चोथा, तीनदा धुऊन वाळत घातलेला. मुंगी औषधाला नाही. तीन महिन्यांत आबांनी एकट्यानं जमवला त्याच्या दुप्पट तरी होता. सोनिया बोलली काहीच नव्हती. आबा तिथंच पायरीवर बसले आणि त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

तांदळाच्या डब्यात फोन वाजायला लागला.

"पोचलो, आबा," धनाजी म्हणाला. "लवकर पोचलो. टोलनाक्यावर अजिबात रांग नव्हती आज."

आबांनी फोनवरचे दोन तांदूळ झटकले.

"व्हय का?" ते म्हणाले. "रविवारी बी नसती म्हणत्यात."