नानांची कादंबरी मध्येच थांबते त्याबाबत

एका शुक्रवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आमच्या घरात चालू असलेली कादंबरी पुन्हा एकदा बंद पडली. ती नानांच्या फोनवर चालू होती. नाना म्हणजे माझे वडील. अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. साऱ्या जगाच्या वेलांट्या त्यांनी सरळ केल्या. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि महिनाभर पट्टी होती. म्हणून मी त्यांना पुस्तकं वाचून दाखवणारं ॲप घेऊन दिलं. ॲपने एकवीस पानी अटी दाखवल्या, त्या मी एका बोटाने मान्य केल्या. अटी वाचणारा माणूस घरात एकच, आणि त्याच्याच डोळ्यांवर पट्टी होती.

कादंबरी खुनाची होती. सतराव्या प्रकरणापर्यंत नाना कसेबसे पोचले होते, कारण ती दर चाळीस सेकंदांनी आपोआप थांबे आणि कोणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत नाना भिंतीकडे तोंड करून बसत. खुनी कोण हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

"मला त्या माळ्याबद्दल एक शंका आहे," नाना म्हणाले. "तिसऱ्या प्रकरणात..."

"थांबा नाना, आधी मदत केंद्राला फोन लावतो," मी म्हणालो.

मदत केंद्रातली बाई अतिशय नम्र होती. तिने फोन बंद करून चालू करायला सांगितला. केला. बॅटरी वाचवण्याची सोय बंद करायला सांगितली. तीही केली. दुपारपर्यंत बॅटरी संपली, पण संपेपर्यंत कादंबरी चाळीस सेकंदांनीच थांबत राहिली. मग तिने ॲपमध्ये साठलेला सगळा तपशील पुसायला सांगितला. तो पुसताच नाना सतराव्या प्रकरणातून थेट पहिल्या प्रकरणात येऊन पडले आणि मेलेला माणूस जिवंत होऊन चहा पिऊ लागला.

"म्हणजे खुनाची तक्रार निकाली काढू का सर?" बाईने विचारलं.

मी नाही म्हटल्यावर तिने ॲप काढून पुन्हा टाकायला लावलं. नव्या ॲपला नाना माणूस असल्याचा पुरावा हवा होता. नऊ चित्रांतून जिने ओळखायचे, तेही खातेदाराने स्वतः.

"त्यांच्या डोळ्यांवर पट्टी आहे हो."

"हरकत नाही सर. चित्रांचं वर्णन ऐकण्याची सोय आहे."

वर्णन पंचावन्न सेकंदांचं होतं. ते चाळिसाव्या सेकंदाला थांबलं. नाना तेरा वेळा माणूस ठरता ठरता राहिले. एवढ्यात ते पुन्हा माळ्याबद्दलच्या शंकेवर आले, पण बायकोला कुकर बंद करायचा होता, मुलीच्या कानात इअरफोनची बोंडं होती, आणि मी तर त्यांच्याच कामात गुंतलो होतो.

शेवटी प्रकरण वरिष्ठ तंत्रज्ञांकडे गेलं. पाच दिवसांनी, नानांना पुराव्याशिवायच माणूस ठरवून, त्यांचा फोन आला. नानांनीही ऐकावं म्हणून मी आवाज मोठा ठेवला, आणि याचा मला पुढे पश्चात्ताप झाला.

"ॲपमध्ये बिघाड नाही," तंत्रज्ञ म्हणाले. "अट क्रमांक एकशे चारप्रमाणे ॲप घरातले आवाज ऐकून घरची सवय शिकतं. आपल्या घरी ज्येष्ठ पुरुष आवाज सुरू झाल्यापासून त्याला थांबवेपर्यंतचा सरासरी वेळ चाळीस सेकंद आहे. ॲपने तोच प्रमाण मानला."

"चाळीस?" मी म्हणालो. "आम्ही इतके काही वाईट नाही."

"आपले नऊ आहेत सर. मॅडमचे चौदा. मुलीची नोंदच सापडत नाही. सरासरी वर नेली ती नळ दुरुस्त करायला आलेल्या गृहस्थांनी. त्यांचं डोकं सिंकखाली होतं, त्यामुळे त्यांना जाता आलं नाही."

मी नानांकडे बघायचं टाळलं.

"आकड्यात चूक नाही," नाना शांतपणे म्हणाले.

उपाय दोन होते. घरातल्या कोणीतरी त्यांचं सलग एक तास ऐकायचं, म्हणजे ॲप नवी सवय शिकेल. किंवा वरची योजना घ्यायची, तीत तो तास कंपनीच ऐकते आणि मधूनमधून "हो का?" आणि "मग?" असंही म्हणते. खोटं कशाला बोलू, मी आधी वरच्या योजनेची चौकशी केली. प्रतीक्षायादी आठ महिन्यांची निघाली.

मग मी खुर्ची ओढून नानांसमोर बसलो. तिसऱ्या प्रकरणात माळी म्हणतो की त्याने दिवाणखान्यातल्या घड्याळाचे ठोके मोजले. नानांचं म्हणणं असं की बागेपर्यंत ते ऐकू जाणं शक्यच नाही, म्हणजे माळी आत होता. तिथून ते छापखान्यावर गेले, तिथून आईवर. आईबद्दलच्या निम्म्या गोष्टी मी कधी ऐकल्या नव्हत्या. मला लाज वाटली, आणि दोनदा खिशातला फोन काढावासाही वाटला. तास पुरा झाला तेव्हा कादंबरी सुरळीत चालू झाली होती. नानांनी ती बंद करायला सांगितली, कारण त्यांचं अजून संपलं नव्हतं.

आभार मानायला मी तंत्रज्ञांना फोन केला. ते म्हणाले, ज्येष्ठांचं ऐकून घेण्यात आपलं घर आधीही वरच्या दहांत होतं. आता वाचकहो, तुम्ही हे शेवटपर्यंत वाचलंत, त्याबद्दल आभारी आहे. पण वाचत असताना शेजारून कोणीतरी तुम्हाला काहीतरी सांगत होतं. काय सांगत होतं ते आठवत नसेल, तर फोनला विचारा.